बहुकेंद्रकी पेशीतला जनुकीय नॉइज कसा मोजायचा : मुंबईतल्या प्रयोगशाळेत करता येईल अशी सविस्तर कृती

एकाच बशीत, एकाच माध्यमात वाढलेल्या आणि जनुकीयदृष्ट्या सारख्या दोन पेशी घेतल्या, तरी एखाद्या जनुकाच्या आरएनए प्रती दोघींत सारख्या सापडत नाहीत. एकीत दहा, तर दुसरीत चाळीस. जनुक सतत एका वेगानं चालू नसतं. ते काही काळ चालू होतं, भराभर प्रती काढतं आणि पुन्हा शांत होतं. या चढउताराला जनुक अभिव्यक्तीतला नॉइज म्हणतात. २००२ साली मायकेल एलोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत एकसारख्या दोन प्रमोटरांमागे (प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) दोन वेगळ्या रंगांची प्रथिनं लावली आणि या नॉइजचे दोन भाग मोजून दाखवले. दोन्ही रंग एकदम वरखाली झाले, तर कारण अख्ख्या पेशीला सामाईक आहे. ते एकमेकांपासून फटकून वागले, तर कारण त्या त्या जनुकाच्या स्वतःच्या यादृच्छिकपणात आहे. पहिला भाग बाह्य नॉइज, दुसरा आंतरिक नॉइज.

या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे : एक पेशी म्हणजे जनुकांचा एक संच. तुमच्या दंडातल्या स्नायूतंतूला ते लागू पडत नाही. तिथे एकाच पटलाच्या आत शेकडो केंद्रकं ओळीनं बसलेली असतात. गर्भवेष्टनाचा बाहेरचा थर, हाडं झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी, फळमाशीचा सुरुवातीचा भ्रूण, कितीतरी बुरशा, पावसाळ्यात कुजक्या लाकडावर पसरणारी स्लाइम मोल्ड या सगळ्या बहुकेंद्रकी. अशा ठिकाणी ‘पेशीपेशींतला फरक’ एवढंच मोजलं, तर हाती आलेला आकडा कशाचा आहे तेच कळत नाही. पुढची सगळी कृती हा आकडा केंद्रकाचा की पेशीचा, हे वेगळं काढण्यासाठी आहे. ती एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

आधी प्रश्नाची पातळी ठरवा

बहुकेंद्रकी पेशीत फरकाच्या तीन पातळ्या असतात. एकाच केंद्रकातल्या एका जनुकाच्या दोन प्रतींमधला फरक, एकाच पेशीतल्या दोन केंद्रकांमधला फरक आणि दोन पेशींमधला फरक. एकाच टाकीवर चालणाऱ्या चाळीसारखी ही रचना आहे. प्रत्येक खोलीतली चूल आपापल्या वेळी पेटते, पण टाकी रिकामी झाली की सगळ्यांचे नळ एकदम कोरडे पडतात. केंद्रक आपापल्या लयीत जनुकं चालू-बंद करतं, तरी आरएनए पॉलिमरेज (आरएनए प्रती काढणारं एन्झाइम), नियंत्रक प्रथिनं आणि ऊर्जा ही सगळी सामाईक पेशीद्रवातून येतात.

वहीत प्रयोगाआधी एक वाक्य लिहून ठेवा : ‘मला कोणत्या पातळीवरचा फरक हवा आहे आणि तुलना कशाशी आहे?’ हे वाक्य नसेल, तर सूक्ष्मदर्शकापाशी बसून तुम्ही जे सहज मोजता येतं तेच मोजाल.

कोणती पेशी घ्यायची

फळमाशीचा भ्रूण या विषयातलं सर्वांत देखणं उदाहरण आहे. पहिली तेरा केंद्रकीय विभाजनं मध्ये पटल न घालताच होतात. शेवटी सुमारे सहा हजार केंद्रकं पृष्ठभागाखाली एका थरात मांडली जातात आणि विभाजनं जवळजवळ एका तालात चालतात. इथे एकेका केंद्रकातलं लेखन, म्हणजे जनुकावरून आरएनए प्रत काढणं, अतिशय बेभरवशाचं असतं. पण शेजारच्या केंद्रकांतून आलेला आरएनए आणि प्रथिन मिसळून, शिवाय वेळेनुसारही सरासरी होऊन, शरीराच्या पट्ट्यांच्या सीमा आश्चर्यकारक नेमकेपणानं उमटतात. मुंबईत फळमाशीची परंपराही जुनी आहे. १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे तिथे माशीवरच्या कामानं मूळ धरलं. तुमच्या मार्गदर्शकांकडे माशा असतील, तर जरूर तोच मार्ग धरा.

ॲश्बिया गॉसिपी ही दुसरी निवड. कापसाच्या बोंडांवर सापडलेली ही बुरशी आता ब-२ जीवनसत्त्वाच्या उत्पादनासाठी वापरतात. तिच्या एकाच तंतूत शेजारशेजारची केंद्रकं वेगवेगळ्या वेळी विभागतात. पेशीद्रव एक असूनही प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, म्हणून तिथले प्रश्न फार सुंदर आहेत. मात्र एक अडचण आहे. प्रत्येक केंद्रक विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय नॉइजचा आकडा निरर्थक ठरतो, कारण डीएनए दुप्पट झालेलं केंद्रक साहजिकच जास्त प्रती काढू शकतं.

सुरुवात करणाऱ्याला मी सी२सी१२ ही उंदराची स्नायू-पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणारी पेशींची जात) सुचवेन. पेशीवाणांसाठी पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र जवळ आहे. सीरम कमी केलं की एककेंद्रकी मायोब्लास्ट (स्नायू बनू शकणाऱ्या कच्च्या पेशी) एकमेकांत मिसळून लांबट, बहुकेंद्रकी मायोट्यूब बनतात. मायोट्यूबमधली केंद्रकं विभाजन थांबवलेली असतात, त्यामुळे विभाजनचक्राचा गोंधळ बराच टळतो.

जनुक आणि प्रोब

मोजणीची पद्धत एसएम-फिश, म्हणजे एकेक आरएनए रेणू चकाकवून पाहणं. एका आरएनएवर साधारण वीस अक्षरांचे तीस-चाळीस छोटे प्रोब (त्या आरएनएला जुळून चिकटणारे डीएनएचे तुकडे), प्रत्येकावर एक चकाकणारा रेणू. सगळे एकत्र चिकटले की तो एक आरएनए सूक्ष्मदर्शकाखाली एक ठिपका म्हणून दिसतो. म्हणजे आरएनए अक्षरशः मोजता येतात.

इथे बहुकेंद्रकी पेशीची खास अडचण समोर येते. पेशीद्रवात पोहोचलेला आरएनए कोणत्या केंद्रकातून आला, हे ठिपका पाहून सांगता येत नाही. स्नायूत असे आरएनए सूक्ष्मनलिकांच्या वाटेनं दूरही नेले जातात. ‘ज्या केंद्रकाजवळ ठिपका, त्याचा तो’ अशी वाटणी अनेक जण करतात. मला ती मान्य नाही. त्या वाटणीनं शेजारची केंद्रकं आपोआप सारखी दिसू लागतात आणि तुम्ही शोधत असलेला फरकच पुसला जातो. म्हणून प्रोबचे दोन संच मागवा : एक इंट्रॉनवर (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) बसणारा, एक एक्सॉनवर (शेवटपर्यंत टिकणारा भाग) बसणारा, दोन वेगळ्या रंगांत. इंट्रॉन लेखनानंतर लगेच कापला जातो, त्यामुळे त्याचा ठळक ठिपका केंद्रकात लेखन चालू असलेल्या जागीच दिसतो. केंद्रकाच्या पातळीवरचा आकडा त्यातून आणि केंद्रकाच्या आतल्या एक्सॉन ठिपक्यांतून घ्या. पेशीद्रवातले ठिपके फक्त अख्ख्या पेशीच्या बेरजेत धरा.

जनुक मध्यम प्रमाणात व्यक्त होणारं हवं. मायोसिन किंवा ॲक्टिनच्या प्रती इतक्या दाट असतात की ठिपके एकमेकांत मिसळतात. मायोजेनिन, म्हणजे पेशीला स्नायूकडे वळवणारं जनुक, चांगलं. जोडीला सर्व पेशींत चालणारं आणि फार दाट नसलेलं, उदाहरणार्थ पॉलआर२ए (आरएनए पॉलिमरेजचा एक भाग घडवणारं जनुक), तुलनेसाठी ठेवा. चकाकणारे रेणू लाल किंवा अतिलाल पट्ट्यातले घ्या, कारण स्नायूपेशी हिरव्या पट्ट्यात स्वतःच चमकतात.

पेशी वाढवणं

मायोब्लास्ट डीएमईएम माध्यमात १० टक्के गर्भवासराच्या सीरमसह, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर वाढवा. नेहमीच्या वाढीत बशी ६०-७० टक्क्यांपुढे भरू देऊ नका. एकदा दाटी झाली की त्या न विचारता मिसळायला लागतात आणि उरलेला साठा हळूहळू मिसळण्याची क्षमता गमावतो. प्रयोगासाठी जिलेटिन लावलेल्या कव्हरस्लिपवर पेरा, ९० टक्के भरल्यावर २ टक्के घोड्याच्या सीरमवर आणा आणि एक दिवसाआड माध्यम बदला. तिसऱ्या दिवसापासून मायोट्यूब दिसू लागतात. पाचव्या दिवसाच्या आसपास थांबवा. त्यापुढे काही मायोट्यूब आकुंचन पावून कव्हरस्लिपवरून सुटतात, आणि सुटतात त्या बहुतेक मोठ्या, म्हणजे नेमक्या तुम्हाला हव्या असलेल्या.

जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत बुरशीचे बीजाणू आणि ओल दोन्ही भरपूर. इन्क्युबेटरमधल्या पाण्याचा ट्रे आठवड्याला बदला, कव्हरस्लिप ऑटोक्लेव्हनंतर पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात ठेवा, आणि इथेनॉलच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. शक्य असेल तर मुख्य वाढ हिवाळ्यात आखा.

निदान तीन स्वतंत्र वेळा, वेगवेगळ्या दिवशी, नव्यानं मायोट्यूब घडवा. एकाच बशीतल्या तीन कव्हरस्लिप म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

स्थिरीकरणापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये दहा मिनिटं, दोनदा धुणं, मग ७० टक्के इथेनॉलमध्ये ४ अंशांवर रात्रभर. या अवस्थेत कव्हरस्लिप आठवडाभर टिकतात, आणि मुंबईत याचा फार उपयोग होतो. जिवंत पेशी घेऊन कलिनाहून पवईला जाणं नकोच. इथेनॉलमधल्या कव्हरस्लिप मात्र घट्ट झाकणाच्या बशीत, बर्फाच्या डब्यात घालून निवांत नेता येतात. गर्दीची वेळ टाळा एवढंच. तुमच्या विभागात योग्य सूक्ष्मदर्शक नसेल, तर सामाईक सुविधांकडे आधीच अर्ज करा. आयआयटी मुंबईतली सैफ सुविधा बाहेरच्या संस्थांचे नमुनेही घेते. कोणतं उपकरण कधी मोकळं आहे, ते विचारूनच पेशी पेरण्याची तारीख ठरवा.

प्रोब चिकटवण्याच्या द्रावणात १० टक्के फॉर्मामाइड, १० टक्के डेक्स्ट्रान सल्फेट आणि दुप्पट तीव्रतेचं एसएससी (क्षारांचं द्रावण) असतं. ३७ अंशांवर, अंधारात, ओलसर डब्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी फॉर्मामाइडच्याच द्रावणानं अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा, दुसऱ्या धुण्यात डीएपीआय (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घाला. फॉर्मामाइड गर्भाला घातक असतं, त्यामुळे ते फ्यूम हूडमध्येच हाताळा. मायोट्यूबची बाह्यरेषा कळण्यासाठी मायोसिनची प्रतिपिंडं वेगळ्या रंगात लावा. आरएनए खाणारे एन्झाइम आपल्या बोटांवरही असतात, म्हणून हातमोजे वारंवार बदला.

नियंत्रणं, म्हणजे पडताळणीचे नमुने, तीन हवीत. एक कव्हरस्लिप आरएनेज ए लावून. तिथे ठिपके नाहीसे झाले पाहिजेत. एक प्रोबशिवाय, स्वतःची चमक कळण्यासाठी. तिसरं नियंत्रण अनेक जण वगळतात आणि तेच सर्वांत मोलाचं आहे : एक्सॉन प्रोबचे सम आणि विषम क्रमांक दोन वेगळ्या रंगांत. एकच आरएनए दोन्ही रंगांत दिसायला हवा. जिथे दिसत नाही तिथे तुमच्या मोजणीतला तांत्रिक नॉइज आहे, पेशीचा नाही. तो आकडा हातात नसताना जीवशास्त्रीय नॉइजविषयी काही म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

चित्रं ६० किंवा १०० पट तेल-भिंगानं, ०.३ मायक्रॉनच्या थरांत, मायोट्यूबच्या तळापासून माथ्यापर्यंत घ्या. मायोट्यूब जाड असते. मधले चार थर घेऊन भागत नाही.

चित्रातून तक्ता

केंद्रकं वेगळी करायला स्टारडिस्ट किंवा सेलपोज, ठिपके मोजायला फिश-क्वांट किंवा बिग-फिश. सगळी साधनं मोफत आहेत. मायोट्यूबमध्ये केंद्रकं एकमेकांना चिकटून बसतात, तिथे संगणक दोघांना एक समजतो. प्रत्येक चित्र डोळ्यांनी तपासा. मायोट्यूबची सीमा मात्र हातानंच काढा, आणि ती काढताना ठिपक्यांचा रंग बंद ठेवा, म्हणजे मन कलणार नाही. मायोट्यूब म्हणजे किमान तीन केंद्रकं आणि मायोसिन असलेली पेशी, ही व्याख्या आधीच लिहून ठेवा.

तक्त्यात एक ओळ म्हणजे एक केंद्रक. रकाने : प्रयोगाची तारीख, कव्हरस्लिप, मायोट्यूबचा क्रमांक, त्या मायोट्यूबमधली एकूण केंद्रकं, केंद्रकाची जागा, डीएपीआयची एकूण चमक, लेखनाच्या जागांची संख्या, प्रत्येकीची चमक, केंद्रकातले एक्सॉन ठिपके. डीएपीआयची चमक महत्त्वाची, कारण वाढवलेल्या पेशीवाणांत गुणसूत्रांची संख्या सगळीकडे सारखी नसते.

केंद्रकं सुटी करून त्यांचा आरएनए वाचण्याचं तंत्रही आता हाताशी आहे, आणि विद्यार्थी हमखास विचारतात की तेच का वापरू नये. केंद्रकं सुटी केली की कोणतं केंद्रक कोणत्या मायोट्यूबमधलं हेच हरवतं. मायोट्यूबच्या क्रमांकाचा रकाना रिकामा राहतो, आणि पुढचं सगळं गणित त्याच रकान्यावर उभं आहे.

गणित : इथे घाई करू नका

समजा, तीन मायोट्यूब आहेत, प्रत्येकीत चार केंद्रकं, आणि दोन जनुकं मोजली आहेत. आकडे समजावण्यासाठी मीच बनवले आहेत.

जनुक क : पहिलीत २, १४, ४, १२. दुसरीत ६, २०, १०, १२. तिसरीत ४, १६, ६, १४.

जनुक ख : पहिलीत २, ६, ४, ४. दुसरीत ७, १३, १०, १०. तिसरीत १२, २०, १४, १८.

दोन्ही जनुकांची बाराही केंद्रकांवरची सरासरी १०. सगळी केंद्रकं एकत्र ओतून व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) काढला तर क साठी ३१.३ आणि ख साठी ३२.२. व्हेरियन्स भागिले सरासरी, म्हणजे फॅनो गुणोत्तर, ३.१ आणि ३.२. निव्वळ यादृच्छिक, पॉइसाँ पद्धतीच्या प्रक्रियेत हे गुणोत्तर १ येतं. एवढ्यावर थांबलात तर लिहाल की दोन्ही जनुकं सारखीच नॉइजी आहेत.

आता मायोट्यूबनिहाय पाहा. एकाच मायोट्यूबच्या आतला व्हेरियन्स क साठी ३४.७, ख साठी फक्त ७.३. मायोट्यूबच्या सरासऱ्या क साठी ८, १२, १० आणि त्यांचा व्हेरियन्स ४. ख साठी ४, १०, १६ आणि व्हेरियन्स ३६. चार केंद्रकांची सरासरी घेतली की निव्वळ नशिबानंही थोडा फरक पडणारच. तो किती अपेक्षित आहे? आतला व्हेरियन्स भागिले चार : क साठी ८.७, ख साठी १.८. क मध्ये प्रत्यक्ष फरक अपेक्षेपेक्षाही कमी आहे, म्हणजे मायोट्यूब-मायोट्यूबमध्ये खरा फरक असल्याचा काहीच पुरावा नाही. सगळा खेळ केंद्रकांच्या आत आहे. ख मध्ये उलट : ३६ पैकी जवळजवळ ३४ हा मायोट्यूबचा स्वतःचा फरक आहे, आणि आतली केंद्रकं पॉइसाँच्या आसपास शिस्तीत वागतात. एकाच आकड्यामागे पूर्ण विरुद्ध जीवशास्त्र.

खऱ्या आकड्यांसाठी हेच काम मिश्र-परिणाम प्रारूप (मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल) या संख्याशास्त्रीय पद्धतीनं करा, म्हणजे तारीख, कव्हरस्लिप आणि मायोट्यूब हे थर एकाच वेळी वेगळे होतात. अनिश्चितता काढताना बूटस्ट्रॅपमध्ये (मोजलेल्या आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने उचलण्याच्या पद्धतीत) केंद्रकं उचलू नका, मायोट्यूब उचला. चाळीस मायोट्यूबमधली सहाशे केंद्रकं म्हणजे सहाशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. परीक्षक हा प्रश्न विचारतील आणि तो रास्त आहे.

केंद्रकांची संख्या वाढली की काय होतं

इथे बहुकेंद्रकी पेशी आपल्याला एक भेट देते : निसर्गानंच वेगवेगळ्या संख्येची केंद्रकं असलेल्या पेशी तयार ठेवलेल्या असतात. केंद्रकं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर अख्ख्या पेशीतल्या बेरजेचा सापेक्ष चढउतार केंद्रकांच्या संख्येच्या वर्गमूळानं घटतो. शंभर केंद्रकं असतील तर एक दशांश. पण पेशीतल्या कोणत्याही दोन केंद्रकांत ०.१ इतका किरकोळ सहसंबंध असला, तरी शंभर केंद्रकांनंतर हा चढउतार एक तृतीयांशापर्यंतच उतरतो, आणि आणखी कितीही केंद्रकं घातली तरी त्याखाली फारसा जात नाही.

फॅनो गुणोत्तर यासाठी जास्त सोयीचं आहे. स्वतंत्र केंद्रकांत सरासरी आणि व्हेरियन्स दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून बेरजेचा फॅनो केंद्रकांच्या संख्येनं बदलत नाही. सहसंबंध असेल तर तो असा वाढतो :

पेशीचा फॅनो = एका केंद्रकाचा फॅनो × [१ + (केंद्रकं − १) × सहसंबंध]

आडव्या अक्षावर केंद्रकांची संख्या, उभ्यावर बेरजेचा फॅनो मांडा. रेषा आडवी आली तर केंद्रकं स्वतंत्र, चढती आली तर काहीतरी सामाईक आहे. सहसंबंध ०.१ असताना दहा केंद्रकांच्या पेशीत फॅनो १.९ पट दिसेल, पन्नास केंद्रकांच्या पेशीत ५.९ पट. या आलेखासाठी मायोट्यूब पूर्ण चित्रात आलेली असली पाहिजे. शेजारशेजारची चित्रं जोडून घ्या. अर्धवट कापलेल्या मायोट्यूब केंद्रकपातळीच्या हिशेबात ठेवा, या आलेखातून वगळा. आणि तुलना नेहमी सारख्याच केंद्रकसंख्येच्या गटात करा, कारण लांब मायोट्यूब कापल्या जाण्याची शक्यता जास्त असते.

जो फरक नॉइज नाही

खऱ्या स्नायूतंतूत चेता जिथे येऊन मिळते त्या जागेखालची केंद्रकं ॲसिटिलकोलीन ग्राहकांची जनुकं मुद्दाम जास्त चालवतात. टोकाकडची केंद्रकं स्नायुबंधाशी जुळणारी जनुकं चालवतात. हा ठरवून केलेला श्रमविभाग आहे. त्याला नॉइजमध्ये मिसळू नका. बशीतल्या मायोट्यूबला चेता नसते, पण टोक आणि मध्य असतातच. म्हणून केंद्रकाची जागा प्रारूपात घाला आणि उरेल तेवढ्यालाच नॉइज म्हणा. अलीकडेच मिसळून आलेलं केंद्रकही वेगळं वागू शकतं. ते एका क्षणाच्या स्थिर चित्रात ओळखता येत नाही, तेव्हा निष्कर्षात तेवढी जागा सोडा.

तुलनेसाठी एककेंद्रकी पेशी

बशीत न मिसळलेल्या पेशी उरतातच, पण त्यांतल्या अनेक पेशी स्नायू बनायलाच निघालेल्या नसतात. त्यांच्याशी तुलना केली तर केंद्रकसंख्येऐवजी पेशीचा प्रकारच मोजला जाईल. माध्यमात ईजीटीए (कॅल्शियमला बांधून ठेवणारं रसायन) घालून कॅल्शियम कमी केलं की पेशी स्नायूकडे वळतात, पण मिसळत नाहीत. अशा, मायोसिन असलेल्या एककेंद्रकी पेशी ही योग्य जोडी. मात्र कॅल्शियमचा स्वतःचाही जनुकांवर परिणाम होतो, म्हणून आधी पॉलआर२ए दोन्हीकडे सारखं वागतं का ते तपासा.

शेवटी पायथनमध्ये एक छोटं अनुकरण लिहा : चालू-बंद होणारी जनुकं, गिलेस्पीची पद्धत (यादृच्छिक घटना एकेक करून घडवून पाहणारी), एक सामाईक घटक आणि वाढत जाणारी केंद्रकसंख्या. शंभर ओळीही लागत नाहीत. त्यातून आलेल्या कृत्रिम ठिपक्यांवर तुमचंच विश्लेषण चालवा. तुम्ही घातलेला सहसंबंध परत मिळाला, तरच तेच विश्लेषण खऱ्या चित्रांवर चालवा. नाही मिळाला, तर मायोट्यूबची संख्या वाढवत नेऊन तो किती संख्येला मिळू लागतो ते पाहा. पुढच्या प्रयोगासाठी किती मायोट्यूब लागतील, ते त्यातूनच ठरतं.